हाय की न्हाय

मास्तर, आत एक गाडी उभी आहे आणि तिच्या एसीत गॅस भरायचा राहिला आहे. मालकाला उद्या या म्हणून सांगितलं. असं मी सहसा करत नाही. गाडी ज्या दिवशी आली त्याच दिवशी ती गार होऊन गेली पाहिजे, हा माझ्या गॅरेजचा नेम आहे. पण आज दुपारी एक गोष्ट झाली आणि ती तुम्हाला सोडून कुणाला सांगता येईल असं वाटत नाही. घरी सांगावी, तर बायको हल्ली फार हळू बोलायला लागली आहे, तिचं काय उत्तर येतं ते कळत नाही. गॅरेजमधली माणसं तोंडात सुपारी धरल्यासारखी पुटपुटतात. म्हटलं, तुमच्याशीच बोलावं. तुम्हाला ऐकू जाईल की नाही, हा प्रश्न आपल्या दोघांत काही नवा नाही. आणखी एक कारण आहे. तुमच्या खोलीवर, तुमच्याच पाठीमागं, एकदा काही बोलणं झालं होतं. तुम्ही तिथंच पाटावर बसून जेवत होता. ते बोलणं मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुमच्या मंडळी, काकू, त्याही आता राहिल्या नाहीत, म्हणजे ते सांगणारा मी एकटाच उरलो.

मी जामखेडकडून नगरला आलो तो दुष्काळाचा उन्हाळा होता. आई आणि थोरला भाऊ रस्त्याच्या कामावर खडी फोडत होते, आणि मी भिंगारच्या रस्त्याला असलेल्या बर्फाच्या कारखान्यात लाद्या उचलायला लागलो. गावाकडं प्यायला पाणी नाही आणि आमचं पोरगं नगरात पाण्याचे दगड वाहतंय, असं आई कामावरच्या बायकांना सांगायची. खांद्यावर गोणपाट, त्यावर लादी, पाठीवरून गार पाणी उतरतंय आणि डोक्यावर ऊन. मशीनघरात आम्हा हमालांना यायची बंदी होती. तिथं तुमचं राज्य. मोठं चाक, पट्टा, अमोनियाचा कॉम्प्रेसर, आणि तुम्ही खाकी सदऱ्यात, हातात लाकडी मुठीचा लांब डिसमिस. स्क्रू-ड्रायव्हर हा शब्द मी पुढं शिकलो. आम्हाला तो डिसमिसच. एकदा दाराशी लादी टेकवून मी घाम पुसत उभा राहिलो आणि सहज म्हणालो, "मास्तर, मशीन आतून टकटकतीया." तुम्ही पाठमोरे होता. काही बोलला नाहीत. मी तसाच उभा. मग तुम्ही वळलात, मी दिसलो, आणि तुम्ही विचारलं, "काय म्हणालास?" मी पुन्हा सांगितलं. तुम्ही माझ्या तोंडाकडं बघत म्हणालात, "परत सांग. सावकाश." मला वाटलं, आता बसते कानाखाली. पण तुम्ही त्या डिसमिसचं टोक कॉम्प्रेसरच्या अंगाला लावलंत, मूठ दातांत धरलीत आणि डोळे मिटलेत. बराच वेळ तसे उभे होता. मग मशीन थांबवून वरचं झाकण खोललं, तर आतल्या झडपेचं पान तडकलेलं. "उद्यापासून आत ये," एवढंच म्हणालात. मी छाती फुगवून घरी गेलो. डिसमिस दातांत का धरला, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. काही लोक काडी चावतात, काही पेन्सिल. मास्तर डिसमिस चावतात, एवढीच माझी समजूत. मूठ सगळी दातांनी कुरतडलेली होती. कारखान्याचा ड्रायव्हर म्हणायचा, मास्तरांनी डिसमिस तोंडात धरला की समजायचं, आज कुणीतरी डिसमिस होणार.

आत घेतल्याच्या पहिल्या दिवसापासून तुम्ही माझ्या जिभेच्या मागं लागलात. मी म्हणायचो, "तेल हाय." तुमच्या कपाळाला आठी. "हाय नाही. आहे म्हण." मी म्हणायचो, "पट्टा ढिला न्हाय." तुम्ही पाना खाली ठेवायचात. "न्हाय नाही. नाही म्हण. तोंड उघडून म्हण." दुसरं मी काहीही बोललो, लई म्हणालो, हुतं म्हणालो, गेल्तो म्हणालो, तरी तुम्ही चालवून घ्यायचात. फक्त या दोन शब्दांवर अडून बसायचात. मला त्याचा राग यायचा. तुम्ही कारकुनाच्या घरातले, वडील कचेरीत होते, घरात शुद्ध बोलणं. मी कुणब्याचा पोर. मी मनात म्हणायचो, मास्तरांना माझे कान पाहिजेत, पण माझ्या आईची बोली नको. मग मी हट्टाला पेटलो. तुम्ही जितकं आहे-नाही म्हणाल तितकं मी हाय-न्हाय म्हणायचो, आणि जरा ठासूनच. तोंडावर कधी उलटून बोललो नाही, पण माझा सगळा उलटेपणा त्या दोन शब्दांत भरलेला होता.

आणि मग कारखान्याच्या मालकाची, शेठची, गाडी आली. मुंबईत कुठल्या वकिलातीच्या लिलावात घेतलेली, होडीएवढी लांब परदेशी गाडी, आणि तिच्यात गार हवेचं यंत्र. नगरमध्ये तेव्हा सिनेमाचं थिएटरसुद्धा पंख्यावर चालायचं. शेठ ती गाडी लोकांना दाखवत फिरला आणि थोड्याच दिवसांत तिच्यातून भट्टीची हवा यायला लागली. शेठचं म्हणणं सरळ होतं. बर्फ करणारा माणूस घरचा असताना गाडी गार करायला मुंबईला कशाला न्यायची? आपल्या मशीनघरातलं गणित आणि त्या गाडीतलं गणित एकच, हे तुम्ही मला मातीवर काडीनं काढून दाखवलंत: गॅस दाबायचा, बाहेरच्या जाळीत थंड करून त्याचं पाणी करायचं, आतल्या जाळीत मोकळा सोडायचा, की तो आजूबाजूची उष्णता पिऊन घेतो. "मग फरक काय?" मी विचारलं. तुम्ही काडी खाली ठेवून म्हणालात, "या गॅसला वास नाही." तेव्हा मला त्यात विशेष काही वाटलं नाही. अमोनिया राईएवढा सुटला तरी डोळ्यांतून पाणी काढतो, आंधळ्यालाही कळतो आणि बहिऱ्यालाही. हा नवा गॅस मात्र मुकाट निघून जातो. त्याची गळती शोधायची तर दोनच वाटा, साबणाचा फेस आणि कान. त्या गाडीपायी तुमचा चेहरा उतरला होता तो का, ते मला नंतर कळलं. तुमच्या आधी मशीनघरात जो ऑपरेटर होता त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला, आणि शेठनं त्याला महिना भरायच्या आत घरी बसवलं. "अमोनियाच्या शेजारी अधू माणूस नको," असं शेठ म्हणाला, आणि त्यात त्याचं काही चूकही नव्हतं. नोकरीबरोबर आवारातली खोलीही गेली. तीच खोली पुढं तुम्हाला मिळाली.

ते काम माझ्या डोळ्यांसमोर जसंच्या तसं आहे. लिंबाखाली गाडी उभी आहे, बॉनेट उघडं. तुम्ही प्रत्येक नळीवरून बोट फिरवताय आणि बोटाकडं बघताय. "गॅस जातो तिथं थोडं तेलही जातं. तेलाला धूळ चिकटते. आधी मळ शोध, मग भोक." एका रबरी नळीच्या टोकाशी असा काळा मळ सापडला. ती नळी बदलली. मग थोडासा गॅस आत सोडून दाब धरला, आणि बाहेरच्या एकेका जोडाला दाढीच्या ब्रशानं साबणाचा फेस लावला. कुठंच फुगा धरला नाही. राहिला डॅशबोर्डच्या खाली, आतल्या जाळीपाशी असलेला तांब्याच्या नळीचा नट. तिथं ब्रश जात नव्हता आणि नजरही पोचत नव्हती. मी आत उताणा झोपलो, मान वाकडी करून कान तिथं नेला. ड्रायव्हर मागच्या दाराशी विडी पीत उभा. तुम्ही बॉनेटच्या बाजूला, समोरच्या काचेतून माझ्याकडं बघताय. दुपार भणभणलेली, आणि त्यातून मला ते ऐकू आलं. सापानं दुरून फुसकारावं तितकं बारीक. मी मान वर काढली आणि म्हणालो, "हाय, मास्तर." तुम्ही काचेतून मान डोलावलीत आणि सिलिंडरकडं वळलात.

मला वाटलं, तुम्ही ऐकलंत आणि ठरवलंत. एवढीशी गळती या गाड्यांत चालत असेल. मास्तर मान डोलावल्यावर आपण कोण बोलणार? पुढचं काम तुम्ही नेहमीच्या निगुतीनं केलंत. जुन्या फ्रीजचा कॉम्प्रेसर उलटा जोडून नळ्यांतली हवा आणि ओल ओढून काढली, चहा होईपर्यंत गेजची सुई जागेवर आहे का ते पाहिलं. ती जागेवर होती. बारीक गळती एका चहात सुईला कळत नाही. मग इंजिन चालू ठेवून गॅस हळूहळू सोडला. नळीवर एक वाटोळी काच होती, तिच्यात आधी सोडावॉटरसारखे बुडबुडे दिसत होते, मग ते विरळ झाले, मग काच नुसती स्वच्छ. शेठ मागच्या सीटवर बसला, आपण पुढं, आणि ड्रायव्हरनं गाडी जामखेड रस्त्याला घेतली. काचा बंद, आत माघातली सकाळ. रस्त्याच्या कडेला बायका खडी फोडत होत्या, हातोड्या वरखाली होत होत्या आणि आवाज मात्र येत नव्हता. त्यांच्यात आई नव्हती, ती फार पुढं होती. तरी मी एकेक तोंड बघत गेलो. तुम्हीही बाहेर बघत होता. आज वाटतं, तुम्हाला जग रोजच तसं दिसत असेल.

पुढचा आठवडा सरायच्या आत गाडी पुन्हा तापली. शेठनं आपल्या दोघांना आवारात, ड्रायव्हर आणि हमालांच्या देखत, बोलावलं. त्याच्या तोंडात पान होतं आणि तो अर्धा पाठमोरा बोलत होता. "मास्तर, गॅस गेला कुठं?" तुम्ही म्हणालात, "बघू." तुमचं हे 'बघू' सगळ्या कारखान्याला माहीत होतं. काहीही विचारलं की बघू. "आता काय बघू?" शेठ वळून म्हणाला. "मुंबईहून मिनतवाऱ्या करून सिलिंडर आणलं. गळती राहिलीच कशी?" आता तुम्हाला त्याचं तोंड दिसत होतं. तुम्ही शांतपणे म्हणालात, "बाहेरचे जोड मी तपासले. आतल्याचं यानं सांगितलं. न्हाय म्हणाला."

न्हाय. मास्तर, मला टोकताना सोडलं, तर तुमच्या तोंडून तो शब्द मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. दुसऱ्याचं बोलणं सांगतानासुद्धा तुम्ही नाही म्हणायचात. आणि तो तुम्ही ज्या तऱ्हेनं उच्चारलात, ओठ माझ्यासारखे जरा आडवे ओढून, ते कानानं ऐकलेलं नव्हतं. ते बघून घेतलेलं होतं. मी काही बोलायच्या आतच ड्रायव्हर म्हणाला, "न्हाय कुठं, मास्तर? ह्यो हाय म्हणला हुता. म्या मागच्या दाराशीच हुतो की." शेठनं ड्रायव्हरकडं पाहिलं, मग तुमच्याकडं. तुम्ही ड्रायव्हरच्या तोंडाकडं बघत होता, पण त्याच्या मिशा ओठांवर आलेल्या. तुम्हाला तो काय बोलला ते कळलं नाही, हे मला कळलं. आणि शेठ हुशार माणूस. आणखी एक प्रश्न त्यानं तुम्हाला पाठमोरं राहून विचारला असता, तर त्यालाही कळलं असतं. "काय रे," शेठ मला म्हणाला, "तू काय म्हणाला होतास?"

"न्हाय म्हणलो, शेठ," मी म्हणालो. "ड्रायव्हरचं कान आयुष्यभर हॉर्न मारून गेल्यात. त्यांना सगळं हायच ऐकू येतं." हमाल हसले. ड्रायव्हर चिडला. "माझं कान? माझ्या बायकूला इचार. ती सपनात पुटपुटली तरी मी उत्तर देतो." त्यावर आणखी हशा झाला आणि शेठच्या मिशीतही जरा हललं. मग तो मला म्हणाला, "तुझे कान लई तिखट म्हणून आत घेतला ना तुला?" मी म्हणालो, "सर्दी हुती, शेठ." "मग सर्दी जाईपर्यंत लाद्या उचल. उद्यापासून आत पाय ठेवायचा नाही." एवढं मात्र तुम्हाला नीट दिसलं असावं, कारण तुम्ही एक पाऊल पुढं झालात. "गाडी मी पुन्हा करून देतो," तुम्ही म्हणालात. "पण हा नसेल तर मी हात लावणार नाही." शेठला तुम्ही एवढं लांब वाक्य बोललेलं मी कधी पाहिलं नव्हतं. शेठनंही नसावं. तो पानाची पिंक टाकून, "बघू," म्हणाला आणि आत गेला. दुसऱ्या दिवशी मी मशीनघरात आलो, मला कुणी अडवलं नाही.

त्याच संध्याकाळी तुम्ही मला खोलीवर जेवायला घेऊन गेलात. का, ते सांगितलं नाही. काकूंनी हुलग्याची शेंगोळी केली होती. तुम्ही माझ्यासमोर पाटावर, काकू तुमच्या मागं स्टोव्हपाशी. तुम्हाला काही सांगायचं झालं की त्या हाक मारत नसत, पाटाच्या कडेवर बोटांनी टकटक करत, आणि तुम्ही वर बघत असा. मला आधी वाटलं, नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून. काकूंनी स्टोव्ह विझवला. त्याची घरघर थांबली आणि खोली एकदम रिकामी झाल्यासारखी वाटली. त्या तुमच्या पाठीमागून, कुजबुजत नव्हे, आपण नेहमी बोलतो तशा आवाजात मला म्हणाल्या, "कळलं ना रे तुला?"

माझा घास तिथंच राहिला. मी तुमच्याकडं पाहिलं. तुम्ही वाटीत शेंगोळी मोडत होता.

"माझ्याकडं बघू नकोस," काकू म्हणाल्या. "घास तोंडात ठेवून बोल, म्हणजे चावतोयस असं वाटेल त्यांना. ड्रायव्हरची बायको येऊन सगळं सांगून गेली मला."

"व्हय, काकू," मी घासातून म्हणालो. "कधीपासनं?"

"थोरली पोटात होती तेव्हापासून थोडं थोडं. त्या मशीननं खाल्ले कान. आता माझं काहीच पोचत नाही."

"मास्तरांना ठाव हाय का?"

"असेल. मी कधी विचारलं नाही. मला म्हणतात, तू हल्ली फार हळू बोलतेस. मी म्हणते, हो, माझा घसाच बसलाय. दर वेळी हेच सांगते." त्यांनी स्टोव्हवरचं पातेलं खाली उतरवलं. "शेठला कळलं तर खोली जाईल रे. आणि खोलीचं एक वेळ जाऊ दे. मशीन गेलं तर ते काय करतील?"

"न्हाई कळायचं, काकू."

"आणि तुझं ते हाय-न्हाय तेवढं सोड बाबा. घरी येऊन कपाळाला हात लावून बसतात. म्हणतात, पोरगा सोन्यासारखा आहे, पण ते दोन शब्द मला एकसारखेच दिसतात."

दिसतात. तो एक शब्द ऐकला आणि माझा इतक्या दिवसांचा राग बसल्या जागी पाणी झाला. तुम्हाला माझ्या आईच्या बोलीचं वावडं नव्हतं. न तोंडाच्या आत होतो, बाहेर दिसत नाही. आहे म्हणताना आधी तोंड उघडतं, नाही म्हणताना शेवटी ओठ ताणले जातात. हाय आणि न्हाय बाहेरून एकच. मी हे सगळं आरशासमोर उभं राहून नंतर करून पाहिलं. तुम्ही तेवढ्यात मान वर केलीत आणि माझ्याकडं बघून मग मागं वळून पाहिलंत. "काय चाललंय?" काकू पुढं आल्या, तुम्हाला तोंड दिसेल अशा. "त्याला शेंगोळी वाढू का विचारते." तुम्ही म्हणालात, "किती हळू विचारतेस. तो बिचारा लाजतोय." काकू म्हणाल्या, "हो, घसा बसलाय माझा." आणि त्यांनी मला वाढलं.

मास्तर, हे ते बोलणं. यात तुमच्याविरुद्ध काही नव्हतं. पण माणसाच्या पाठीमागं, त्याच्याच घरात, त्याच्याच ताटासमोर असं बोलणं मला फार दिवस टोचत राहिलं. तुम्हाला ते ठाऊक होतं का? कधी कधी वाटतं, होतं. कारण मुंबईहून नवा गॅस आल्यावर आपण गाडी पुन्हा खोलली, मी डॅशबोर्डखाली गेलो, कान लावला, आणि या खेपेला बाहेर येऊन, बॉनेटला वळसा घालून तुमच्यासमोर उभा राहिलो. तोंड उघडून म्हणालो, "आहे." आणि एक बोट वर केलं. तुम्ही माझ्याकडं बघत राहिलात. पुष्कळ दिवस झटून मला तो शब्द शिकवला होतात, पण शाबासकी दिली नाहीत. नळीचं तांब्याचं टोक नटाखाली तडकलं होतं, तेवढं कापून तुम्ही नवं टोक कर्ण्यासारखं फुलवलंत, दोन पाने उलटसुलट धरून नट आवळलात. मी पुन्हा कान लावला, पुन्हा वळसा घालून आलो. "नाही," म्हणालो आणि तळहात आडवा फिरवला. मग गॅस भरला, आणि तो गेला नाही. गाडी तो उन्हाळा आणि पुढचाही उन्हाळा गार राहिली. आपली खूण मात्र कायमची झाली. एक बोट म्हणजे आहे, आडवा तळहात म्हणजे नाही. मशीनघरात आवाज फार, म्हणून मास्तर-हेल्पर हातानं बोलतात, असं शेठलाही वाटायचं. त्यानं नंतर दुसऱ्यांनाही ते शिकवायला सांगितलं.

मला स्वतःचं गॅरेज काढायचं होतं, ते मी पुढं ढकलत राहिलो. अमोनियाच्या मशीनपाशी तुम्हाला एकटं सोडायचं नाही, हे मी मनाशी धरलं होतं. तुम्हाला ते कळत होतं, आणि त्याबद्दल आपण कधी बोललो नाही. तुम्ही मानानं निवृत्त झालात, शेठनं नारळ दिला, शाल घातली, भाषणात म्हणाला की मास्तरांच्या कानाला कॉम्प्रेसरचा श्वाससुद्धा कळतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुम्हाला टाळ्या दिसल्या, म्हणून तुम्ही हात जोडलेत. काकू पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. मला बघवेना, मी जमिनीकडं बघत राहिलो. दुसऱ्या दिवशी मी कोठीच्या रस्त्याला पत्र्याचं शेड घेतलं आणि तुम्ही ते बघायला आलात. जाताना पिशवीतून तो डिसमिस काढून माझ्या हातात ठेवलात. "राहू दे तुझ्याकडं," म्हणालात. "तुला लागायचा नाही इतक्यात." मी म्हणालो, "मास्तर, डिसमिस रोजच लागतो की." तुम्ही हसलात. मला वाटलं, तुम्हाला ऐकू आलं नाही.

तो अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. स्क्रू फिरवायला तो कधी वापरला नाही, मूठ झिजली असती. आता गळती शोधायला यंत्र मिळतं. त्याची लवचिक सोंड जोडापाशी नेली की गॅस असेल तिथं ते चीं चीं करतं. आज दुपारी त्या गाडीवर एक मुलगी काम करत होती. आयटीआय झालेली, हातानं फार नीट, जामखेडकडचीच आहे म्हणून मी तिला जरा जास्त जीव लावतो. तिनं यंत्र डॅशबोर्डखाली नेलं. मी सवयीनं बॉनेटपाशी उभा होतो. यंत्र काही बोललं नाही. मी म्हटलं, वाजत नाही, म्हणजे ठीक आहे. तेवढ्यात शेजारच्या गाडीवरच्या माणसानं मान वळवून त्या यंत्राकडं पाहिलं. ज्या आवाजाकडं माणूस वळतो, तो आवाज मला आला नाही.

तिनं डोकं बाहेर काढलं आणि काहीतरी म्हणाली. मी विचारलं, "काय?" तिनं पुन्हा सांगितलं. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हे काय बोलणं? आहे-नाही नीट म्हणता येत नाही का?" ती मान खाली घालून फडक्याला हात पुसायला लागली. तिच्या मनात काय आलं ते मला वाचता आलं, त्याला कान लागत नाहीत. हा मोठा झाला, गॅरेज टाकलं, आणि आता ह्याला आपल्या गावाची बोली नकोशी झाली. तिची समजूत काढायला हवी होती. मी म्हणालो, "बघू," आणि आत येऊन बसलो.

सगळे गेल्यावर खण उघडला. डिसमिस काढला, इंजिन चालू केलं, टोक कॉम्प्रेसरला लावलं आणि मूठ दातांत धरली. तुमच्या दातांच्या खाचा आहेत त्यावर, माझे दात त्यात बरोबर बसत नाहीत, तुमचा जबडा रुंद होता. पण कवटीतून सगळा आवाज आला, चाकाचा, पट्ट्याचा, सगळा, कितीतरी दिवसांनी. 'इतक्यात' हा शब्द तुम्ही का वापरलात, ते तसा उभा असताना कळलं. मला त्या दिवशी वाटलं तुम्ही ऐकलं नाहीत. तुम्हीच सांगत होता, आणि ऐकलं नाही ते मी.

हे पाठवायचं कुठं, हा प्रश्नच नाही. तुम्ही असता तरी मी पाठवलं नसतं, आणि पाठवलं असतं तर तुम्ही वाचून, घडी घालून, बघू म्हणाला असता. घरी जाऊन बायकोला आज हळू बोलतेस म्हणून काही म्हणायचं नाही, एवढं ठरवलं आहे. उद्या सकाळी त्या मुलीपुढं जाऊन उभा राहीन आणि बोटाची खूण शिकवीन. तिला ते आवाजामुळं म्हणून सांगीन, की खरं सांगीन, ते अजून ठरत नाही. गाडीत गॅस भरायचा राहिला तो एवढ्याचसाठी, मास्तर. ती हाय म्हणाली की न्हाय, मला कळलं नाही.